झिरो हलला की

भाचा सुट्टीवर आला तेव्हा आषाढ लागला होता. आमचं गाव खानापूरहून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. तिकडं एकदा झड बसली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. सोप्यात चुलीच्या धुराचा वास, दारात ओल्या गोणपाटांचा ढीग, आत अक्का भाकऱ्या थापत होती. भाच्यानं बूट काढून वळचणीला ठेवले, भिंतीला पाठ टेकली आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, "मामा, मार खाणाऱ्या रायफलीला साइट कुठली घ्यावी?" साइट म्हणजे रायफलीवरचं नेम धरायचं साधन.

त्याच्या तुकडीकडं चाचणीसाठी तीन नमुने आले होते आणि चाचणी करणाऱ्यांत ह्यालाही बसवलं होतं. कुठल्या कंपनीचे, किती रुपयांचे, कुणासाठी, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फौजेत चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळतं. एक लाल ठिपक्याची साइट, एक चार पट मोठं दाखवणारी स्थिर दुर्बीण, आणि एक, एक पटीपासून सहा पटीपर्यंत फिरवता येणारी. त्याच्या बोलण्यावरून ओळखलं की तिसरी त्याच्या मनात भरली आहे.

"काच अशी स्वच्छ आहे मामा, तीनशे मीटरवरच्या झाडाची पानं मोजावीत."

"आपटलीस?"

तो माझ्याकडं बघतच राहिला.

"तिन्हीतली एक तरी खाली टाकून, परत फायर करून बघितलीस?"

"अजून नाही. पुढच्या महिन्यात आहे ते."

"मग आत्ताच कुठली आवडली म्हणून सांगू नकोस कुणाला. स्वतःलासुद्धा."

असं मी का म्हणालो, ते त्या संध्याकाळी त्याला पुरतं सांगता आलं नाही. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला एक जुनी गोष्ट झोपू देत नव्हती. ती इथं लिहितो.

मी १९८८ साली भरती झालो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. आमच्या भागातली पोरं शाळेच्या सहलीला कित्तूर बघतात, गोकाकचा धबधबा बघतात, आणि कॅम्पातून एसटी जाताना खिडकीतून सेंटरची कमान बघतात. त्या कमानीतून आत जायचं हे माझं लहानपणापासून ठरलेलं. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी हत्यार शिकवण्यात काढली. फौजेच्या हिंदीत नेमबाजीचे तीन पाय आम्ही पोरांकडून घोकून घ्यायचो: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. ह्यातला 'शिस्त' हा शब्द मराठी पोराला पहिल्या दिवशी चकवतो. त्याला वाटतं उस्ताद वागणुकीबद्दल बोलतोय. फौजेत शिस्त म्हणजे नेम. डोळा, मागची साइट, पुढची साइट आणि निशाण एका ओळीत आणणं. जुन्या मराठीतही नेम धरण्याला शिस्त धरणं म्हणत. मला हे फार आवडायचं. मी पोरांना सांगायचो, आपल्या भाषेत हे दोन्ही अर्थ एका शब्दात राहतात, तेव्हा एक सुटला की दुसराही सुटतो.

आणि ह्याच शब्दानं मी एका पोराचं नुकसान केलं.

ईशान्येकडच्या एका ठाण्यावर होतो. मोजक्याच रायफलींवर दुर्बिणी होत्या. त्यातली एक ज्या पोराकडं होती तो कंपनीतला सगळ्यात शांत नेमबाज. चिकोडीकडचा, घरी तंबाखूची शेती. एका सकाळी शंभर मीटरवर झिरो तपासायला घेतला. झिरो म्हणजे साइट जिथं दाखवते तिथंच गोळी लागते ना, ह्याची खात्री. त्यानं पाच गोळ्या झाडल्या. कागद आणून बघितला तर पाचही एकमेकींना चिकटून, चहाच्या बशीत मावतील अशा, पण सगळ्या मधल्या काळ्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडं. मी त्याला म्हणालो, "शिस्त कच्ची झाली तुझी. लक्ष कुठं असतं?" सगळ्यांच्या देखत म्हणालो. त्यानं पुन्हा पाच झाडल्या. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्याचा हात कापायला लागला आणि गोळ्या पांगल्या. तेव्हा मी अजूनच बोललो.

पाच गोळ्या चिकटून लागतात तेव्हा माणूस बरोबर असतो. गोळ्या एकत्र पडणं हे माणसाचं काम आणि त्या कुठं पडतात हे साइटचं काम. हे मीच पोरांना शिकवत होतो, आणि त्या सकाळी मलाच ते दिसलं नाही. दुपारी रायफल माझ्या हातात घेऊन मी स्वतः आडवा पडलो आणि पाच झाडल्या. वीतभर डावीकडं. आदल्या रात्री गाडीत बसताना दुर्बीण मागच्या फळीवर आदळली होती. काचेला चरा नाही, नळीला पोचा नाही, आतून बघितलं तर चित्र लख्ख. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी त्याची माफी मागितली. तीही सगळ्यांच्या देखत मागितली. पण त्यानंतर कितीतरी आठवडे तो पोरगा गोळी झाडली की आधी माझ्याकडं बघायचा, मग कागदाकडं. आधी असं नव्हतं. खराब साइट गोळी चुकवते हे सगळ्यांना माहीत असतं. ती माणसाचा स्वतःवरचा भरवसा काढून घेते, हे मी तिथं शिकलो. हा भरवसा परत यायला साइट बदलून चालत नाही, वेळ द्यावा लागतो.

म्हणून भाच्यानं काचेचं कौतुक सुरू केलं तेव्हा माझ्या तोंडून "आपटलीस?" हेच आलं.

निवृत्तीनंतर मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम धरलं. बेळगावच्या ह्या भागात फाउंड्री आणि लेथ ह्यांचा आवाज दिवसभर थांबत नाही. हायड्रॉलिकचे भाग, पंपांचे भाग, गाडीचे भाग. माझ्या टेबलावर डायल, मायक्रोमीटर आणि स्क्रू किती जोरानं आवळला ते मोजणारा टॉर्क पाना. फौजेत जे अनुभवानं कळलं होतं ते इथं आकड्यात कळायला लागलं. दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा पातळ झाला तेव्हा मी भाच्याला ते आकडे दाखवायचं ठरवलं. घरात छऱ्याची बंदूक आहे, स्प्रिंगची, तिच्यावर चार पटीची साधी दुर्बीण. ती तांदळाच्या दोन पोत्यांत घट्ट रोवली आणि खाचरापलीकडच्या विजेच्या खांबावर जो नंबर रंगवलाय त्याच्या वरच्या टोकावर दुर्बिणीतला नेमाचा काटा आणून ठेवला. खांब अंदाजे शंभर मीटरवर. मग दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांतली मागची सैल करून वहीच्या कागदाचा एक तुकडा तिच्याखाली सारला, स्क्रू परत आवळले.

"आता बघ."

त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "खाली गेला की मामा. चार-पाच बोटं खाली गेला."

वहीचा कागद एक दशांश मिलिमीटर जाड. दोन रिंगांत अंतर शंभर मिलिमीटर. शंभरात एक दशांश म्हणजे हजारात एक, आणि हजारात एक म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. तीनशे मीटरवर तीस. तीस सेंटिमीटरमध्ये अख्खा माणूस चुकतो. मी त्याला कागदाचा तुकडा हातात दिला. तो बराच वेळ बोटांत धरून बघत होता. दुर्बीण कितीही महाग असू दे, तिला रायफलीवर धरून ठेवणारा माउंट एका कागदाइतका हलला की सगळं संपलं. दुकानात माणूस सगळा पैसा काचेवर घालतो आणि शेवटी उरलेल्यात माउंट घेतो. मला विचाराल तर उलटं करा. आधी माउंटचे पैसे बाजूला काढा.

रायफलीच्या पाठीवरची जी खाचांची पट्टी असते, पिकॅटिनी रेल म्हणतात तिला, तिचं माप १९९५ पासून अमेरिकन सैन्याच्या मानकात बांधलेलं आहे. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, एका खाचेपासून दुसरी १०.०१ मिलिमीटरवर. माउंटखालचा दांडा ह्या खाचेत बसतो, आणि बसवताना माउंट पुढं, नळीच्या टोकाकडं ढकलून धरायचा आणि मग आवळायचा. कारण रायफल धक्क्यानं मागं येते तेव्हा वरची साइट आपल्या जडपणानं जागीच राहू बघते, म्हणजे रायफलीच्या मानानं पुढं सरकते. आधीच पुढं टेकवली असेल तर तिला सरकायला जागा उरत नाही. किती साधं काम आहे हे, आणि किती जण ते करत नाहीत! रिंगांचे वरचे स्क्रू साधारण दोन न्यूटन-मीटरवर आवळतात. नेमका आकडा बनवणारा कागदावर देतो आणि तोच पाळायचा. जास्त आवळलं की नळी चिमटते आणि आतलं यंत्र अडकतं. हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवणारे आमच्या शॉपमध्येही आहेत. मी त्यांना टॉर्क पाना हातात देऊन स्वतःचा अंदाज मोजून दाखवायला सांगतो. एकाच माणसाचे दोन स्क्रू सारखे निघत नाहीत.

मग रेघ. अक्काच्या सुनेची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर उतरणारी एकेक बारीक तांबडी रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. फौजेत आम्ही पांढऱ्या रंगानं करायचो. ह्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही, आणि अंधारात टॉर्चच्या उजेडात दोन सेकंदांत तपासता येते.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल एक सांगायला हवं, कारण लोक तिला खेळणं समजतात. दुर्बिणीला ती मोठ्या रायफलीपेक्षा वाईट वागवते. मोठी रायफल एकदाच मागं येते. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढं सुटतो तेव्हा बंदूक मागं येते, आणि दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढं झेपावते. दुर्बिणीला आधी एक दणका, लगेच उलटा दुसरा. मोठ्या रायफलीसाठी बांधलेली दुर्बीण एकाच बाजूच्या दणक्याला तयार केलेली असते. आमच्या ह्या बंदुकीनं आत्ताच्या दुर्बिणीआधी दोन खाल्ल्या. दुसरी बिघडली तेव्हा मी ती शॉपमध्ये नेली आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑपरेटरबरोबर उघडली.

तो हुक्केरीकडचा, कानडी बोलणारा, हात असा की टेबलावर स्क्रूचा आवाज होत नाही. सरफेस प्लेटवर पांढरं फडकं अंथरून त्यानं एकेक भाग ओळीनं मांडला. बाहेरच्या नळीच्या आत दुसरी एक बारीक नळी असते, एका टोकाला बिजागरीसारखी टेकलेली, दुसरं टोक मोकळं. वरच्या आणि बाजूच्या घुंड्या फिरवल्या की त्यांचे स्क्रू ह्या मोकळ्या टोकाला ढकलतात, आणि समोरच्या बाजूनं एक स्प्रिंग तिला परत स्क्रूवर दाबून धरते. सगळा झिरो ह्या स्प्रिंगच्या जिवावर उभा. आमच्या दुर्बिणीत ती स्प्रिंग म्हणजे पातळ पत्र्याची एक वाकवलेली पट्टी होती. ऑपरेटरनं चिमट्यानं दाबली, ती दबली आणि परत आलीच नाही. त्यानं मान हलवली आणि ती पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. बाहेर काळं चकचकीत ॲनोडायझिंग, सोनेरी अक्षरं, आणि आत हे. मी ती पट्टी अजून टेबलाच्या खणात ठेवली आहे.

फिरवून पट बदलणाऱ्या दुर्बिणीत ह्या आतल्या नळीतच आणखी सरकणारी भिंगं असतात. म्हणून ती वाईट असं नाही. चांगली बनवलेली पट बदलणारी दुर्बीण जगभर कठीण कामात टिकलेली आहे. पण हलणारे भाग वाढले की टिकाऊपणासाठी जास्त कारागिरी लागते, आणि जास्त कारागिरीला जास्त पैसे. स्वस्त स्थिर आणि महाग फिरती ह्यांत निवड करता येते. स्वस्त फिरती घ्यायची नाही. इतकं मी भाच्याला ठामपणे सांगितलं.

घुंड्या खऱ्या आहेत का ते बघायची रीत जुनी आहे. घुंडी एक घर फिरली की एक टिचकी. वर वीस टिचक्या, उजवीकडं वीस, खाली वीस, डावीकडं वीस, प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिल्या भोकात यायला हवी. एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. पाव एमओएची टिचकी शंभर मीटरवर सात मिलिमीटरच्या थोडी वर, तेव्हा वीस टिचक्यांची बाजू साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते. पट्टी घेऊन मोजायची. बाजू आखूड भरली तर घुंडीवरचा आकडा खोटा. शेवटची गोळी घरी आली नाही तर स्प्रिंग खोटी. चौकोन झाला की मग आपटायची, आणि आपटून परत चौकोन.

पावसाचं आम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या गावावरून पुढं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. त्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. माझ्या वडिलांची एक दुर्बीण होती, गळ्यात अडकवायची. त्यांच्या मागं ती ट्रंकेत राहिली. दहा वर्षांनी उघडली तर भिंगाच्या आतल्या अंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. ती बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि पुसली तरी खाल्लेल्या जागी डाग राहतो. भाच्याला ती दाखवली. उजेडाकडं धरून तो म्हणाला, "हे काचेच्या आत कसं गेलं?" ओल गेली म्हणून गेलं. बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर फडक्यानं पुसता येते. आतल्या अंगाला धरली की त्या वेळेपुरती साइट मेली. म्हणून चांगल्या दुर्बिणीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात आणि रबरी कड्यांनी बंद करतात. अमेरिकेतल्या ल्युपोल्ड कंपनीनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत असा नायट्रोजन भरायला सुरुवात केली. आज खोक्यावर 'वॉटरप्रूफ' सगळेच छापतात. खरं-खोटं करायचं तर अंघोळीच्या कोमट पाण्याच्या बादलीत टोपणं लावून बुडवायची आणि बघत बसायचं. बुडबुड्यांची माळ निघाली की परत द्यायची. पाणी कोमटच हवं, कढत नाही.

थंडी-उन्हाचं म्हणाल तर २०१५ साली अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीनं तिथल्या सरकारला २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तिच्या साइट सैनिकांना दिल्या गेल्या होत्या आणि तापमान फार उतरलं-चढलं की त्यांचा झिरो सरकत होता, हे कंपनीला माहीत असून सांगितलं नाही असा सरकारचा दावा होता. ही बातमी मी वाचली तेव्हा मला चिकोडीचा पोरगा आठवला. अशा किती पोरांना कुणी म्हणालं असेल, शिस्त कच्ची आहे तुझी.

लाल ठिपक्याच्या साइटकडं मी आधी नाक मुरडायचो. बॅटरीवर चालणारं काही रायफलीवर नको असं वाटायचं. ते मत मी बदललं. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं १९७५ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. आतला बारीक दिवा मागून ठिपका टाकतो आणि पुढची लेप दिलेली काच तेवढाच तांबडा उजेड डोळ्याकडं परत पाठवते. आत सरकणारी भिंगं नाहीत, डोळा अमुकच अंतरावर हवा अशी अट नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. त्यांच्या लहान साइटला एका नाण्याएवढ्या बॅटरीवर ५०,००० तास सांगतात, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. बंदच करायची नाही. मी भाच्याला म्हटलं, दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या सकाळी, झेंडूची फुलं वाहण्याआधी, बॅटरी बदल. जुनी चालू असली तरी. पण ठिपका काही मोठं करून दाखवत नाही. दोन एमओएचा ठिपका तीनशे मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर झाकतो. जंगलात, गल्लीत ती उत्तम. डोंगराच्या ह्या धारेवरून त्या धारेवर बघायचं असेल तर अपुरी.

बॅटरीच नको असेल तर चार पटीची स्थिर. अमेरिकेतल्या ट्रिजिकॉनची एकॉग १९८७ पासून आहे. अंग ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम ठोकून घडवलेलं. हा धातू मी शॉपमध्ये रोज बघतो. साध्या ६०६१ पेक्षा कितीतरी कणखर, महागही तसाच. दिवसा तिच्यावरचा प्रकाशतंतू उजेड गोळा करून आतला काटा उजळवतो, रात्री ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी वायू. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य १२.३ वर्षं, म्हणून बारा-तेरा वर्षांत रात्रीचा उजेड निम्मा होतो, पण काळा काटा कुठं जात नाही. चार पट आणि ३२ मिलिमीटरचं पुढचं भिंग म्हणजे डोळ्यात येणारा उजेडाचा झोत आठ मिलिमीटर. माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरच्या आसपास उघडते. तेव्हा तिन्हीसांजेला हे भिंग पुरेपूर. छप्पन्न मिलिमीटरचं भोंग्यासारखं भिंग लावून ते झुडपात अडकवत फिरायची गरज नाही. एकॉगची खोड एकच: डोळा दीड इंचावर आणावा लागतो. जड गोळीच्या रायफलीवर ते अंतर मला तरी कमी वाटतं. भुवईवर रक्त आलेली पोरं मी बघितली आहेत.

"मग तू कुठली घेशील?" भाच्यानं शेवटी अडवलंच.

मी म्हटलं, ज्या दिवशी तू सगळ्यात दमलेला असशील, पाऊस असेल, हात बधिर असतील, गाडीतून उडी मारताना रायफल दगडावर आपटलेली असेल, त्या दिवसासाठी घेईन. त्या दिवशी तुला पानं मोजायची नसतात. जंगलात काम असेल तर ठिपका, डोंगरात असेल तर स्थिर चार पट, आणि दोन्हींच्या खाली घडीच्या लोखंडी साइट, त्याही झिरो केलेल्या. एक ते सहा पटीवाली जर आपटून, भिजवून, गाडीत दोनशे किलोमीटर हादरवून घरी आली तर तिलाही माझा नकार नाही. आधी मात्र तिला घरी येऊ दे.

आणि चाचणीचा क्रम त्याच्या वहीत लिहून दिला. आधी झिरो. मग रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून कमरेच्या उंचीवरून कडक मातीवर तीनदा, डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, साइट खाली करून. मग फायर. मग गाडीच्या हौद्यात मोकळी टाकून खडीच्या रस्त्यावर. मग फायर. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फायर. प्रत्येक फायरच्या आधी रेघा बघायच्या आणि वहीत लिहायच्या. चित्र किती छान दिसतं हा रकाना सगळ्यात शेवटी.

जाताना अक्कानं त्याच्या पिशवीत कुंद्याचा डबा ठेवला आणि सुनेनं हसत नेलपॉलिशची बाटली. बेळगावच्या स्टँडवर मी त्याला गाडीत बसवलं.

भाद्रपदात, गणपतीच्या आदल्या रात्री फोन आला. आधी तो घरच्या मूर्तीबद्दल बोलला, मखर झालं का विचारलं. मग म्हणाला, दोन नमुने राहिले, एक हलला. कुठला ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

"मामा, अजून एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "नवीन पोरगा आहे एक, सहा महिने झाले येऊन. काल फायरिंगला त्याच्या गोळ्या उजवीकडं जाऊलाल्या होत्या. सगळ्या एका जागी, पण उजवीकडं. त्याचं तोंड एवढंसं झालं."

"मग?"

"मी काय बोललो नाही त्याला. आधी जाऊन रेघ बघितली."